दुसऱ्यांची नाडी पाहणाऱ्या

(आपल्या सामुदायिक रेडिओवर एका निवृत्त परिचारिकेने केलेलं हे भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मागच्या वेळी मी जुन्या दायांविषयी बोलले होते. कार्यक्रम संपल्यावर एका बचत गटातून फोन आला. एक ताई म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही आम्हाला पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल एवढं सांगितलंत. पण तुमची स्वतःची पाळी गेली तेव्हा तुम्ही काय केलंत? ड्युटी कशी केलीत?”

मी ३३ वर्षं नोकरी केली. आधी उपकेंद्रावर, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. हा प्रश्न मला तेवढ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. वरिष्ठांनी नाही, सोबतच्या सिस्टरांनी नाही आणि घरातल्यांनीही नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, आजचं बोलणं यावरच करावं. थोडं माझं सांगते, आणि बरंचसं माझ्याआधीच्या बायकांचं.

मी तेव्हा ४७ वर्षांची होते. लसीकरणाचा दिवस होता. समाजमंदिराच्या ओसरीवर पस्तीस-चाळीस लेकरं, त्यांच्या आया, रडारड. मधेच छातीतून एक गरम लाट उठली आणि मानेवरून थेट कपाळापर्यंत गेली. पाठ भिजली. हात घामाने ओला, आणि हातात सुई. मी थांबले, हात पुसला, पुन्हा लेकराची मांडी धरली. सत्र संपलं, उरलेल्या कुप्या मोजून लिहिल्या, आणि मग लसीच्या डब्यातला एक आईसपॅक काढून मानेला लावून बसले. आमची आशाताई तेव्हा नवीन होती, बत्तीस-तेहतीसची. ती म्हणाली, “सिस्टर, ताप आहे का?” मी म्हटलं, “नाही गं, ऊन लागलं.”

महिना जानेवारीचा होता.

त्याच वर्षी मासिक बैठकीत माझ्या अहवालातली बेरीज चुकली. रात्रभर झोप नसायची. घामाने उठायचं, पुन्हा पडायचं, आणि एखादी बाळंतपणाची केस आली की तशीच निघायचं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “सिस्टर, वय झालं असेल तर सांगा.” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मी प्रत्येक आकडा दोनदा मोजायला लागले. कारण मात्र कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कोणत्या शब्दांत, तेच कळत नव्हतं. दुसऱ्या बायकांना समजवायला माझ्याकडे शब्द होते. स्वतःची वेळ आली तेव्हा एकही सापडला नाही.

तर आधी शब्दापासूनच सुरुवात करू.

आपण म्हणतो पाळी गेली. पुस्तकात लिहितात रजोनिवृत्ती. सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि त्याला दुसरं काही कारण नसेल, तर पाळी गेली असं धरतात. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. पण बदल त्याआधी काही वर्षं सुरू होतात. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी-जास्त होत होत उतरतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा असते, ती त्यामुळे थोड्याशा उष्णतेलाही दचकते आणि घाम सोडते. त्याच त्या गरम वाफा. झोप उडते, विसरायला होतं, सांधे धरतात, चिडचिड होते, योनीमार्ग कोरडा पडतो. काहींना यातलं काहीच होत नाही, काहींना सगळं होतं.

इंग्रजीतला ‘मेनोपॉज’ हा शब्द मूळचा फ्रेंच. गार्दान नावाच्या डॉक्टरांनी तो १८२१ साली रूढ केला. ग्रीक भाषेतले ‘महिना’ आणि ‘थांबणं’ असे दोन शब्द जोडून तो बनवला. बायका तर पहिल्यापासून यातून जात होत्याच. पण त्यावर ग्रंथ लिहायला लागले ते पुरुष डॉक्टर, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ही एक संकटाची अवस्था वाटे. बाईचं शरीर नाजूक, तिला विश्रांती हवी, अभ्यास आणि नोकरी तिला झेपणार नाही, अशी मतं तेव्हा मोठमोठे डॉक्टर मांडत.

१८७३ साली अमेरिकेत एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांचं पुस्तक आलं. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या गर्भाशयाचं नुकसान होईल, असं त्यात होतं. त्याला उत्तर दिलं मेरी पुटनम जेकोबी या बाई डॉक्टरांनी. त्यांनी केलं ते अगदी साधं होतं. त्यांनी बायकांनाच विचारलं. छापील प्रश्नावली पाठवल्या, पाळीच्या दिवसांत तुम्हाला काय होतं, तुम्ही काय काम करता, किती चालता, असं विचारलं. २६८ बायकांची उत्तरं आली. शिवाय काही जणींची नाडी, ताकद, तापमान मोजलं. पाळीत सगळ्याच बायकांनी काम सोडून पडून राहावं याला काही आधार नाही, असं त्यांनी दाखवलं. या निबंधाला १८७६ साली हार्वर्ड विद्यापीठाचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत तेव्हा मुलींना प्रवेशही नव्हता.

या जेकोबीबाईंचं आणि आपलं एक नातं आहे. त्या १८६४ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई वयाच्या २१ व्या वर्षी गेल्या. पाळी जाण्याचं वय त्यांना बघायलाच मिळालं नाही. तेव्हाच्या कितीतरी बायकांचं तसंच होतं. १९५१ सालीसुद्धा आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. अनेक बाया बाळंतपणात, तापात, क्षयात जात.

पण डॉक्टर रखमाबाई जगल्या. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जायला ज्यांनी कोर्टात नकार दिला, त्याच रखमाबाई. त्या १८६४ च्या. लंडनला शिकल्या, परत आल्या आणि सुरत व राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत सुमारे ३५ वर्षं त्यांनी काम केलं. निवृत्त झाल्या तेव्हा पासष्टीच्या आसपास होत्या. हिशेब करा. १९१०-१५ च्या सुमारास त्या पन्नाशीच्या आगेमागे असणार, आणि दवाखाना चालूच होता. नोकरी करता करता या वयातून गेलेल्या आपल्याकडच्या बायकांपैकी त्या एक. आपण त्यांचा खटला आठवतो, पदवी आठवते. पन्नाशीतली बाई रोज दवाखान्याची पायरी चढत होती, हे आठवत नाही.

आता इंग्लंडला जाऊ. तिथे १९१७ साली बाई डॉक्टरांनी आपला एक संघ काढला. या संघाच्या एका समितीने पाळी जाण्याविषयी १००० बायकांची पाहणी केली. ती १९३३ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आली. बाई डॉक्टरांनी बायकांना विचारून एवढ्या मोठ्या संख्येने केलेलं ते काम होतं. शंभरातल्या साधारण १६ जणींना काहीच त्रास झाला नव्हता. ६० हून जास्त जणींना गरम वाफा आल्या होत्या. आणि दर दहातल्या सुमारे नऊ जणी म्हणाल्या, या त्रासामुळे आमचं रोजचं काम एकदाही थांबलं नाही.

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. काम एकदाही थांबलं नाही. त्या काळात हे फार कामाचं होतं. पन्नाशीतली बाई वेडसर होते, तिच्यावर जबाबदारी टाकू नये, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. इंग्लंडमधल्या बहुतेक रुग्णालयांत तेव्हा नर्सचं लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. म्हणून वॉर्ड सांभाळणाऱ्या मुख्य नर्सा बहुधा एकट्या, चाळीस-पन्नाशीच्या असत. त्यांची भाकरी त्या नोकरीवर. त्यांना कोणी ‘या वयात जमणार नाही’ म्हटलं असतं, तर त्या जाणार कुठे?

पण त्याच वाक्याची दुसरी बाजूही आहे. काम थांबलं नाही म्हणजे त्रास नव्हता, असं लोक समजून बसले. त्याच पाहणीत शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणींनी काही ना काही त्रास सांगितलाच होता. तो सोसून त्या कामावर गेल्या. त्या लसीकरणाच्या दिवशी माझंही काम थांबलं नव्हतं. कोणी पाहणी केली असती, तर मीही त्या नऊ जणींत मोजले गेले असते.

पुढे औषधं आली. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या संप्रेरकाची गोळी विक्रीला आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘कायम स्त्री राहा’ अशा अर्थाचं. पाळी जाणं हा कमतरतेचा रोग आहे, गोळी घ्या आणि तरुण राहा, असा त्याचा सूर. पुस्तक धडाधड खपलं. त्यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा होता, हे नंतर बाहेर आलं. १९७५ मध्ये कळलं की हे एकच संप्रेरक घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो.

मग १९७६ साली एक मोठी गोष्ट झाली, आणि ती नर्सांनी केली. हार्वर्डच्या संशोधकांना संततिनियमनाच्या गोळ्यांचे दूरचे परिणाम बघायचे होते. अनेक वर्षं अचूक माहिती कोण देईल? त्यांनी नर्सा निवडल्या, कारण त्यांना आजारांची नावं माहीत, औषधांची नावं माहीत, आणि नोंद ठेवायची सवय. ३० ते ५५ वयाच्या १,२१,७०० नर्सांनी टपालाने प्रश्नावली भरून पाठवली. दर दोन वर्षांनी त्या भरत राहिल्या. पाळी कधी गेली, गोळी घेतली का, वजन किती, काय खाता, रात्रपाळ्या किती केल्या. पुढे आणखी तरुण नर्सांची दुसरी तुकडी आली. बायकांचं हृदय, हाडं, स्तनाचा कर्करोग यांविषयी आज डॉक्टर जे सांगतात, त्यातलं बरंच या नर्सांच्या उत्तरांतून आलं आहे. रुग्णांचे तक्ते भरणाऱ्या बायकांनी स्वतःचा तक्ता भरून दिला, आणि तो जगाच्या कामाला आला.

त्यांच्या उत्तरांवरून आधी वाटलं की संप्रेरकाच्या गोळ्या हृदयाला सांभाळतात. २००२ साली दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीने उलट दाखवलं. सुमारे १६,६०० बायकांच्या त्या चाचणीत दोन संप्रेरकं एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि अर्धांगवायू वाढलेले दिसले, म्हणून ती मधेच थांबवली. जगभर बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. नंतर अभ्यास करून कळलं की वयाचा फरक पडतो. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास फार असेल आणि दुसरा धोका नसेल, तर अनेकींना फायदा जास्त असतो. पण ते डॉक्टरने तपासून ठरवायचं. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने आणायची ही गोळी नाही, आणि शेजारणीला लागू पडली म्हणून घ्यायचीही नाही.

त्याच नर्सांच्या दुसऱ्या तुकडीवरून २०१९ साली एक अभ्यास छापून आला. फिरत्या रात्रपाळ्या सतत करणाऱ्यांची पाळी थोडी लवकर जाण्याची शक्यता जास्त दिसली, साधारण ९ टक्क्यांनी. रात्रपाळीनेच तसं होतं हे काही त्यातून पक्कं सिद्ध होत नाही. पण संबंध दिसला. मी ते वाचलं तेव्हा माझ्या रात्री मोजायला लागले. मोजता येईनात.

आता आपल्या देशात या. १९७५ साली मार्शा फ्लिंट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत बायकांविषयी लिहिलं. पाळीतल्या बदलांखेरीज फारसा त्रास या बायका सांगत नव्हत्या. फ्लिंटबाईंना कारण असं दिसलं, की पाळी गेली की या बायकांचा पडदा सुटायचा. त्या खाली ओसरीवर येऊन पुरुषांत बसू शकत, बोलू शकत. म्हणजे ते वय त्यांच्यासाठी सुटका होती.

आपल्याकडेही थोडं असंच. विटाळ संपला की बाई देवघरात केव्हाही जाते, सुना हाताखाली येतात, शब्दाला वजन येतं. जुन्या दायाही बहुतेक पाळी गेलेल्याच असत. रात्री-अपरात्री कोणाच्याही घरी जायला त्यांना अडकाठी नसे. सासूबाई मला म्हणायच्या, “आता सुटलीस बाई.” पण मी कुठे सुटले होते? घरात मला वडीलधारेपणाची बढती मिळाली असेल. उपकेंद्रावर तेवढंच काम, तेवढ्याच रात्री, तेच वीस-पंचवीस रजिस्टर. जी बाई पगारावर काम करते, तिला या सुटकेतलं फार थोडं मिळतं. आणि ‘सुटलीस’ म्हटल्यावर ‘मला त्रास होतोय’ असं म्हणायची सोयही राहत नाही.

म्हणूनच १९३३ नंतर इंग्लंडच्या डॉक्टर बायकांनी पुन्हा काय विचारलं, ते ऐकण्यासारखं आहे. २०२० साली तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने साधारण दोन हजार डॉक्टरांची पाहणी केली. या वेळी प्रश्न वेगळा होता. काम थांबलं का, असं न विचारता कामावर काय परिणाम झाला, असं विचारलं. ९० टक्के जणी म्हणाल्या, परिणाम झाला. ३८ टक्के म्हणाल्या, बराच झाला. जवळपास निम्म्यांना वरिष्ठांशी बोलायचं होतं पण धीर झाला नाही. प्रत्यक्ष बोलल्या फक्त १६ टक्के. या डॉक्टर बायका आहेत बरं का. रोज दुसऱ्यांना ‘मोकळेपणाने सांगा’ म्हणणाऱ्या. त्यांचीच ही गत. काहींनी कामाचे तास कमी केले, काहींनी जबाबदारीची जागा सोडली. वीस-पंचवीस वर्षं शिकून तयार झालेली बाई अशी गुपचूप मागे सरकते, तेव्हा नुकसान तिचं असतंच, आणि रुग्णांचंही असतं.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तीन चतुर्थांशांहून जास्त कर्मचारी बायका आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या सेवेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पाळी जाण्याच्या काळाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात काय होतं? टेबलावर छोटा पंखा. हाताशी थंड पाणी. हलक्या कापडाचा गणवेश. गरज पडली तर कामाच्या वेळेत थोडा बदल, थोडं हलकं काम. आणि वरिष्ठांनी हा विषय हसण्यावारी न नेता ऐकून घ्यायचा. एवढंच. शब्द तयार झाला १८२१ साली, आणि पंखा, पाणी आणि हलकं कापड कागदावर यायला दोनशे वर्षं लागली.

आता आपल्या दारात येते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगाव आशाताई आल्या. साधारण हजार लोकसंख्येला एक, वय २५ ते ४५ असं ठरलं होतं. आज देशात दहा लाखांहून जास्त आशा आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणतात. मोबदला बराचसा कामावर. जी गेली नाही, तिला तेवढं मिळालं नाही. आता बोटांवर मोजा. सुरुवातीच्या वर्षांत तिशीत लागलेली आशा आज पन्नाशीकडे आली आहे. म्हणजे आशांची अख्खी पहिली पिढी एकाच वेळी या वयातून जाते आहे. रोज चालत घरभेटी, उन्हातान्हात सर्वेक्षण, रात्री गरोदर बाईला घेऊन गाडीत. बैठकीच्या ठिकाणी स्वच्छतागृह असेलच असं नाही. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत ती कधीही येते, धो धो येते. ज्यांच्यावर गेली त्यांना सांगायला नको.

आशाताईंकडे एक फॉर्म असतो, तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, असं त्यात असतं. बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यात एक आहे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होतो का? हा प्रश्न फार महत्त्वाचा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला तरी डॉक्टरला दाखवायचं. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं, पण कधी ती कर्करोगाची पहिली खूण असते आणि वेळेत कळली तर बरी होते. आशाताई हा प्रश्न शेकडो बायकांना विचारतात. आशाताईंना कोण विचारतं?

हे सगळं बोलायला हवं, त्याचं कारण दुसऱ्या टोकाला दिसतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी समितीने माहिती घेतली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. अंगावर जातं, पोटात दुखतं, पाळीमुळे मजुरी बुडते, उचल फिटत नाही, आणि कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. सोबत बीजकोश काढले तर शरीर एका दिवसात त्या वयात ढकललं जातं, जिथे जायला दहा-वीस वर्षं होती. गरम वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढावी लागण्याची खरी कारणंही असतात, पण आधी दुसरा सल्ला घ्यायचा आणि ‘बीजकोश ठेवणार का?’ हे विचारायचं. हे सांगणारी पहिली बाई वस्तीवर कोण असते? आशाताई, नाहीतर सिस्टर. तिनेच आपला त्रास आयुष्यभर ‘ऊन लागलं’ म्हणून झाकला असेल, तर ती दुसरीला काय सांगणार? माझंच उदाहरण घ्या. त्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या चाळीस-पंचेचाळीसच्या बायकांना मी लोहाच्या गोळ्या दिल्या, वजन केलं, आणि पाठवून दिलं. झोप येते का, असं एकीलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माझं सांगावं लागलं असतं.

आपल्या गटात काय करता येईल, ते थोडक्यात सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. चाळिशीपुढच्या प्रत्येकीने आपली शेवटची पाळी कधी आली, ते घरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात करा. नाचणी, तीळ, दूध-दही, हिरव्या भाज्या पोटात जाऊ द्या, सकाळचं ऊन अंगावर घ्या. चहा-तंबाखूने वाफा वाढतात का, ते स्वतः पारखून बघा. त्रास फार असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन ‘माझी पाळी जाण्याचा त्रास होतोय, तपासा’ असं स्पष्ट म्हणा. आणि आपल्या आशाताई, सिस्टर, अंगणवाडीताई दारात आल्या की त्यांना बसायला सांगा, पाणी द्या आणि विचारा, तुम्ही कशा आहात?

शेवटी एक सांगते. मागच्या आठवड्यात तीच आमची आशाताई घरी आली. आता ती ४९ ची आहे. हातात पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. बसली, पदराने वारा घेतला, आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला ऊन नव्हतं ना लागलं?”

मी म्हटलं, “नाही गं.”

तिच्या गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म मी मागून घेतला, आणि पेन उघडून तिला पहिला प्रश्न विचारला.



(बैठकीत बोलण्यासाठी: आपल्या गटात चाळिशीपुढच्या किती जणी आहेत? त्यातल्या किती जणींनी हा त्रास कोणाला तरी सांगितला? आपल्या गावातल्या आशाताईंचा स्वतःचा फॉर्म भरला आहे का?)